हवामानाची वही: कोकणातल्या अंगणातून हवामानप्रकार आणि हवामानबदल कसा मोजावा

शाळेच्या भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' हे दोन वेगळे शब्द शिकवतात. बातम्यांनी दोन्हींना हवामान म्हणायला सुरुवात केली आणि फरक पुसला गेला. गुहागरात आज सकाळपासून झड लागली आहे, ही हवा. मृगात तिथे साधारण किती पडतो, किती वर्षांनी एखादा मृग कोरडा जातो, मे महिन्यातली रात्र किती अंशांवर येऊन थांबते, हे हवामान. जागतिक हवामान संघटनेनं त्यासाठी ३० वर्षांची सरासरी हे माप ठरवलं आहे. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात. त्यामुळे दोन पावसाळे बघून "हवामान बदललं" म्हणणं जितकं घाईचं, तितकंच "आमच्या आज्याच्या वेळी पण असंच होतं" म्हणणंही घाईचं.

पाऊस मोजणं सोपं आहे. तो वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं मोजणं अवघड. पुढे जे दिलं आहे त्यातलं बरंचसं या अवघड भागासाठी आहे.

पाऊस: यंत्र, जागा, वेळ

हवामान खात्याचा साधा पर्जन्यमापक फायबरचा असतो. वर नरसाळ्याचा भाग, खाली बुडखा, आत बाटली. तोंडाचं क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर, आणि मोजायची काचेची नळी त्या त्या क्षेत्रफळासाठी आखलेली. २०० च्या यंत्राला १०० ची नळी लावली की गावात पाऊस दुप्पट पडू लागतो. विकत घेताना दोन्हींवरचा आकडा जुळतो का ते बघा. आतली बाटलीही बघा. १०० चौरस सेंटिमीटरला ४ लिटरची बाटली ४०० मिमीपर्यंत पुरते, पण तीच बाटली २०० च्या यंत्रात २०० मिमीला भरून वाहू लागते. देशावर ती चालून जाईल. आपल्याकडे जुलैत तिचा भरवसा नाही.

घरी करायचा असेल तर ५ लिटरचा कॅन, त्यावर कडक प्लास्टिकचं नरसाळं आणि नरसाळ्यावर बसवलेला १५ सेंमी उंचीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा एवढं पुरतं. पाइप हवाच. नुसत्या उथळ नरसाळ्यातून जोराच्या सरीचे थेंब आपटून बाहेर उडतात. पाइपची वरची कड कानशीनं बाहेरच्या बाजूनं तासून धारदार करा, म्हणजे कडेवर पडलेला थेंब आत की बाहेर हा प्रश्न राहत नाही. सांधे सिलिकॉननं बंद करा.

इथे एक हमखास चूक होते. पाइपवर १६० मिमी छापलेलं असतं, तो बाहेरचा व्यास. भिंत ४ मिमी जाडीची असेल तर आतला व्यास १५२ मिमी. पावसाला फक्त आतलं तोंड दिसतं. १५.२ सेंमीच्या हिशोबानं क्षेत्रफळ १८१.५ चौ. सेंमी येतं, म्हणजे १ मिमी पाऊस म्हणजे १८.१५ मिली पाणी. १६ धरून चाललात तर क्षेत्रफळ २०१ येतं आणि हंगामात ३००० मिमी पडला तर वहीत जेमतेम २७०० उतरतो. म्हणून व्यास आतून, तीन दिशांनी मोजा आणि सरासरी घ्या. पाइप उन्हानं थोडा अंडाकृती होतो, तेव्हा दर मे महिन्यात पुन्हा मोजा.

हिशोब असा. सकाळी कॅनमधलं पाणी ५०० मिलीच्या मोजपात्रानं चार वेळा भरून निघालं आणि वर १८० मिली उरलं. एकूण २१८० मिली. भागिले १८.१५, म्हणजे १२०.१ मिमी. चुकीचा व्यास धरला असता तर हाच आकडा १०८.५ आला असता. हा फरक किरकोळ नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिमी हा जोरदार, ११५.६ ते २०४.४ हा अति जोरदार आणि २०४.५ च्या वर गेला की त्याहून वरचा शेवटचा वर्ग. पाइपच्या ४ मिमी भिंतीनं तुमचा दिवस एका वर्गातून खालच्या वर्गात गेला. (महसूल खात्याच्या भाषेत २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी. मराठवाड्यात ती बातमी होते, राजापुरात जुलैतला एखादा साधा मंगळवार असतो.)

जागेचा नियम सांगायला सोपा, वाडीत पाळायला कठीण: जवळच्या अडथळ्याची जी उंची असेल तिच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. १५ मीटर उंचीच्या माडापासून ३० मीटर. माड-पोफळीच्या दाट आगरात अशी जागा मिळणारच नाही, मग आगरात मोजूच नका. शाळेचं पटांगण, भाताचं खळं, गावाबाहेरचा मोकळा सडा (जांभ्या खडकाचं पठार), यांतलं काहीतरी शोधा. घराच्या स्लॅबवर ठेवायचा मोह टाळा. छपरावरून वारा उसळून वर जातो, थेंब तोंडावरून वाहून नेतो आणि पाऊस नेहमी कमी भरतो. पागोळ्यांजवळ ठेवला तर उलटं होतं.

तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंमी वर असावी. जांभ्याच्या फरसबंदीवर किंवा सिमेंटच्या अंगणात थेंब चांगले उसळतात आणि उडालेलं पाणी यंत्रात जातं, त्यामुळे भोवती हातभर तरी गवत हवं. कड सपाट आहे का ते गवंड्याच्या पाणसळीनं तपासा. यंत्र कललं की वाऱ्याच्या दिशेनं पाऊस जास्त, उलट दिशेनं कमी भरतो. आपल्याकडे पावसाळाभर वारा साधारण नैऋत्य-पश्चिमेकडूनच येतो, म्हणून ही चूक दोन्ही बाजूंनी फिटत नाही, रोज त्याच बाजूला साठत जाते.

मोजायची वेळ सकाळी ८.३०. सगळ्या देशात हीच वेळ आहे. १५ जुलैच्या सकाळी मोजलेलं पाणी बहुतांश १४ तारखेचं असतं, पण खातं ते १५ तारखेसमोर लिहितं. तुम्हीही तसंच लिहा, म्हणजे पुढे तुलना करताना एक दिवस सरकवावा लागणार नाही. मोजपात्रात पाण्याची पातळी कडेला चढलेली आणि मध्ये खोलगट असते. डोळा त्या पातळीला आणून खोलगट भागाचा तळ वाचा. पाणी दिसतं पण ०.१ मिमी भरत नाही, तेव्हा शून्य न लिहिता 'अंशमात्र' लिहा. २.५ मिमी किंवा जास्त भरला तरच तो 'पावसाचा दिवस' म्हणून मोजायचा.

मुसळधार लागला असेल तर दुपारी आणि रात्रीही कॅन मोजून रिकामा करा, आणि सकाळी सगळ्यांची बेरीज मांडा. तरीही कॅन भरून वाहिलाच तर अंदाजानं आकडा वाढवू नका. ५ लिटरचा कॅन या तोंडाला २७५ मिमीला भरतो, तेव्हा 'किमान २७५, वाहिला' एवढंच लिहा. पुढे हिशोब करणाऱ्याला हे प्रामाणिक 'किमान' उपयोगी पडतं. डोक्यातून काढलेले ३२० नाही.

शेजारच्या गावचा आकडा उचलून मोकळी जागा भरणं हा आणखी एक मोह. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. मध्ये डोंगर नाही, घाट नाही. मग दापोलीचा आकडा मंडणगडाला कसा चालेल?

उरलेल्या किरकोळ गोष्टी: नरसाळ्यात कोळी जाळं विणतो, मुंगळे घर करतात, सुकलेलं पान भोकावर बसतं. दोन दिवस पाणी वर साठून राहतं आणि तिसऱ्या दिवशी एकदम उतरतं. वहीत दोन कोरडे दिवस आणि एक अतिवृष्टी दिसते. रोज सकाळी भोक बघा.

तापमान: सावली, उंची आणि मीठ

हवेचं तापमान म्हणजे सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान. त्यासाठी दुहेरी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत येत नाही. पेटीखाली गवत. पत्र्याच्या शेडजवळ, जांभ्याच्या गडग्याला टेकून किंवा एसीच्या यंत्राच्या तोंडाशी ठेवलेली पेटी गावाचं नाही, भिंतीचं तापमान सांगते.

किनाऱ्यावर खरा शत्रू खारा वारा. साधे लोखंडी खिळे दोन पावसाळ्यांत सुटतात, पितळी किंवा चांगल्या स्टीलचे स्क्रू वापरा. आर्द्रतेसाठी ओल्या फुग्याचा तापमापी (खालच्या फुग्यावर भिजवलेली मलमल गुंडाळलेला) असेल तर त्यावरच्या मलमलीवर मीठ बसतं. खारट पाण्याची वाफ कमी होते, फुगा पुरेसा थंड होत नाही, आणि हवा आहे त्याहून दमट दिसते. इतर ठिकाणी मलमल आठवड्याला बदलतात. समुद्राजवळ वारा जोराचा असेल तर दोन-तीन दिवसांनी बदला. पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचं नको.

नवीन तापमापी आला की आधी शून्य तपासा. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ ठेचून, त्याच पाण्यात भिजवून, घट्ट लगद्यात तापमापी १० मिनिटं ठेवा. ०.३ अंशापेक्षा जास्त फरक आला तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि हिशोबात वजा करा. बंदरावरचा मासळीचा बर्फ यासाठी घेऊ नका. त्याला मीठ लागलेलं असतं आणि तो शून्याच्या खाली उतरतो.

कमाल आणि किमान दोन्ही सकाळी ८.३० ला वाचून यंत्र पुन्हा लावलंत, तर किमान आजच्या पहाटेचं असतं, पण कमाल कालच्या दुपारचं. ते कालच्या तारखेसमोर जातं. याउलट संध्याकाळी वाचायची सवय असेल तर कडक दुपारनंतर लावलेल्या यंत्रात तीच उष्णता पुढच्या दिवसाच्या कमालीत पुन्हा मोजली जाते. मध्येच कुणी वेळ बदलली की दहा वर्षांची मालिका अर्ध्या अंशानं उडी मारू शकते, आणि ती उडी हवामानबदलासारखीच दिसते. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींमधली हीच चूक दुरुस्त करण्यात शास्त्रज्ञांची वर्षं गेली आहेत.

आपलं गाव कुठल्या प्रकारात बसतं

व्लादिमीर कोपेन हा रशियात जन्मलेला, जर्मनीत काम केलेला शास्त्रज्ञ वनस्पतींचा अभ्यासक होता. जिथे जे झाड उगवतं तिथलं हवामान तसं, या विचारानं त्यानं १९०० च्या सुमारास जगाची वर्गवारी मांडली. नंतर रुडॉल्फ गायगरनं ती सुधारली. आजही जगभर हीच सगळ्यांत जास्त चालते. पाच मोठे गट: 'ए' उष्ण कटिबंधीय, 'बी' कोरडा, 'सी' सौम्य हिवाळ्याचा, 'डी' कडक हिवाळ्याचा, 'ई' ध्रुवीय. तुमच्याकडे बारा महिन्यांची सरासरी तापमानं आणि बारा महिन्यांचा सरासरी पाऊस असला की पेन-कागदावर दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी 'बी'ची, कारण कोरडेपणा सगळ्यांच्या आधी तपासतात. वार्षिक सरासरी तापमान २० नं गुणा. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत वर्षाचा ७० टक्के किंवा जास्त पाऊस पडत असेल तर त्यात २८० मिळवा. याच सहा महिन्यांत ३० टक्क्यांहून कमी पडत असेल तर काही मिळवू नका, मधलं काही असेल तर १४०. हा आला मिमीमधला उंबरठा. पाऊस त्याच्या खाली असेल तर 'बी', निम्म्याच्याही खाली असेल तर खरं वाळवंट. रत्नागिरीसाठी २७ अंश धरा: २७ गुणिले २०, अधिक २८०, म्हणजे ८२०. पाऊस ३००० च्या वर. 'बी'चा प्रश्न मिटला.

दुसरी पायरी: सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंश किंवा जास्त असेल तर 'ए'. किनाऱ्यावर जानेवारीही २४-२५ च्या आसपास असतो, म्हणजे 'ए'. तिसरी पायरी 'ए'च्या आतली. सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिमी पडत असेल तर 'एफ', बारमाही पावसाचं वर्षावन, सिंगापूरसारखं. नसेल तर वार्षिक पावसाला २५ नं भागा आणि १०० मधून वजा करा. कोरड्या महिन्याचा पाऊस या उत्तराइतका किंवा जास्त असेल तर 'एम', मोसमी. कमी असेल तर 'डब्ल्यू', सव्हाना.

समजा गावाचा वार्षिक पाऊस ३२०० आहे. भागिले २५, १२८. शंभरातून गेले, उणे २८. कोरड्या महिन्यात शून्य, आणि शून्य हे उणे २८ पेक्षा जास्तच. प्रकार 'ए-एम'. आता २३०० चं गाव घ्या: १०० वजा ९२, म्हणजे ८. कोरड्या महिन्यात शून्य, आठापेक्षा कमी, प्रकार 'ए-डब्ल्यू'. आपल्याकडे दोन-चार महिने हमखास कोरडे जातात, म्हणून सीमारेषा नेमकी २५०० मिमीवर येते. तिच्या आसपासचं गाव एखाद्या कमी पावसाच्या वर्षी 'सव्हानात गेलं' असं म्हणू नका. हा हिशोब ३० वर्षांच्या सरासरीवरच करायचा.

या सूत्राची एक मर्यादा कोकणी माणसाला लगेच कळेल. 'एम' अक्षराचा अर्थ असा की पावसाळ्यात इतकं पडतं की कोरड्या महिन्यांतही जमिनीत ओल टिकून रान हिरवं राहतं. पण कोपेनला जांभा ठाऊक नव्हता. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून आणि पऱ्यांतून बघता बघता खाडीत जातं, आणि ३००० मिमीच्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो. शेतीसाठी उत्तर हवं असेल तर महिनावार पाऊस आणि महिनावार होऊ शकणारं बाष्पीभवन शेजारी मांडून जमिनीतल्या पाण्याचा ताळेबंद काढणारी थॉर्नथ्वेटची १९४८ ची पद्धत जास्त खरं सांगते.

हाच हिशोब घाट चढून पुढे करून बघा. आंबोलीचा पाऊस किनाऱ्याच्या दुपटीच्या घरात, आणि शिखररेषा ओलांडली की घसरगुंडी. माणदेशात ५०० मिमी आणि २६ अंश धरले तर उंबरठा ८००, निम्मा ४००. ५०० मध्ये पडतो, म्हणजे 'बी'तला निमकोरडा गवताळ प्रकार. समुद्रापासून साधारण दीडशे किलोमीटरांत मोसमी रानापासून निमवाळवंटापर्यंत.

वही दहा वर्षांची झाली की

आता बदल शोधायचा. वर्षाची एकूण बेरीज हा त्यासाठी सगळ्यांत आळशी आकडा आहे. एकूण पाऊस जवळपास तेवढाच राहून त्याची वाटणी बदलू शकते, आणि भातलावणीला वाटणीच महत्त्वाची. दर वर्षासाठी हे काढा: एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस; सलग पाच दिवसांचा सर्वाधिक; २०४.५ मिमीच्या वरचे दिवस. पावसाचे एकूण दिवस. एकूण पाऊस भागिले पावसाचे दिवस. आणि जून ते सप्टेंबरमधली सर्वांत लांब उघडीप, म्हणजे सलग किती दिवस २.५ मिमीच्या खाली गेले. तापमानात कमालीपेक्षा किमानाकडे जास्त लक्ष द्या.

कल बघायला सरळ रेषा ओढू नका. २००५ किंवा २०२१ सारखं एकच वर्ष ती रेषा आपल्याकडे ओढून घेतं. त्याऐवजी प्रत्येक वर्षाची नंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. दहा वर्षांच्या ४५ जोड्या होतात, तीस वर्षांच्या ४३५. प्रत्येक जोडीत नंतरच्यातून आधीचा आकडा वजा करून दोन्ही वर्षांमध्ये जितक्या वर्षांचं अंतर आहे त्यानं भागा. सगळी उत्तरं चढत्या क्रमानं लावून मधलं घ्या. स्प्रेडशीटमध्ये मीडियनचं सूत्र आहेच. हा सेनचा उतार. तो खरा की योगायोग, हे बघायला चढत्या जोड्यांतून उतरत्या जोड्या वजा करा. दहा वर्षांच्या मालिकेत फरक किमान २३ आला, म्हणजे ४५ पैकी ३४ चढत्या आणि ११ उतरत्या, तरच पाच टक्क्यांच्या कसोटीवर (निव्वळ योगायोगानं असं दिसायची शक्यता शंभरात पाचाहून कमी) काही बोलता येतं. बहुतेक दहा वर्षांच्या वह्या इथे नापास होतात. तो तुमचा दोष नाही, कोकणातला पाऊसच वर्षागणिक एवढा वरखाली होतो.

त्याआधी यंत्र बदललं तर नाही ना, हे तपासा. तुमचा वार्षिक पाऊस आणि आसपासच्या तीन-चार केंद्रांची सरासरी, दोन्हींची वर्षानुवर्षं बेरीज करत जा आणि एकमेकींसमोर आलेखावर मांडा. सगळं ठीक असेल तर रेषा सरळ जाते. एखाद्या वर्षी तिला कोपरा आला तर त्या वर्षी पाऊस बदललेला नसतो. बाजूला वाढलेल्या माडाची सावली यंत्रावर आलेली असते, किंवा नवा कॅन आलेला असतो. आभाळ बदललं तर सगळ्याच केंद्रांना सारखं बदलतं.

मोठ्या पटावर हे कसं करतात

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, भारतीय हवामान खातं १८७५ चं. त्याच्याही फार मागच्या काळासाठी यंत्र नाही, मग साक्षीदार शोधावे लागतात. सागाला दर वर्षी वलय धरतं आणि कमी पावसाच्या वर्षी ते अरुंद राहतं. गुहेतल्या चुनखडीच्या खांबांत ऑक्सिजनच्या जड-हलक्या प्रकारांचं प्रमाण पावसाबरोबर बदलतं. मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या अशाच खांबावरून ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली आणि भूशास्त्रीय कालगणनेतल्या चालू युगाला २०१८ मध्ये 'मेघालयन' नाव मिळालं. अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे ८ लाख वर्षांपर्यंत मागे नेतात. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० च्या मध्येच राहिला.

आजच्या हवेची मोजणी चार्ल्स कीलिंगनं १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर सुरू केली. तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे आहे. आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात काणकोण तालुक्यातल्या काब द रामच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षं काचेच्या बाटल्यांत हवा भरून तपासली गेली. पावसाळ्यात वारा समुद्रावरून, थेट दक्षिण गोलार्धाकडून येतो, तेव्हा आकडा कमी. हिवाळ्यात वारा जमिनीवरून येतो, तेव्हा देशभरच्या चुली, गाड्या आणि कारखाने त्या बाटलीत उतरतात. हा वाढलेला कार्बन जमिनीतल्या इंधनाचाच, हे त्याच्या अणूंवरून कळतं: कोळसा-तेलात किरणोत्सारी कार्बन-१४ कधीच संपलेला असतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण त्यामुळे पातळ होत गेलं आहे.

भविष्याचे आकडे संगणकातल्या प्रारूपांतून येतात. ती पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि जागतिक प्रारूपांत एकेक चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे वेंगुर्ले, आंबोली आणि पलीकडचा कोरडा पट्टा एकाच चौकोनात, आणि सह्याद्रीची भिंत चपटी. "कोकणात २०५० मध्ये अमुक इतका पाऊस" असं वाचलंत तर चौकोन केवढा होता ते आधी विचारा. लहान चौकोनांची प्रादेशिक प्रारूपं आणि एकाच प्रश्नाला अनेक प्रारूपांनी दिलेली उत्तरं शेजारी ठेवूनच काही म्हणता येतं.

समुद्र

जेटीच्या खांबावर रेघ मारून समुद्राची वाढ मोजायला जाऊ नका. जगभरची सरासरी वाढ वर्षाला ३ ते ४ मिलिमीटर; आपली उधाणाची भरती-ओहोटी मीटरांत. वर हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे १ सेंमी फुगतं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे, आणि तेवढी लांब मालिका असल्यावरच तो मिलिमीटर सुटा होतो.

पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, मात्र तुम्ही मोजू शकता. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या घ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटर आखा, मध्ये दोन मीटरची दोरी बांधा. गडग्यावर किंवा जांभ्याच्या खडकावर कायमची खूण करून तिथून अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला सुरुवात करा. एक काठी खुणेशी, दुसरी समुद्राकडे. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेला भिडवा. ती दृष्टिरेषा तुमच्या काठीला टोकाखाली जिथे छेदते तेवढे सेंटिमीटर उतार. पुढची काठी उंचावर असेल तर उलट: नजर आपल्या टोकावरून क्षितिजाकडे, आणि आकडा पुढच्या काठीवर वाचा. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणा, पाण्यापर्यंत असंच. दर महिन्याला तीच रेषा. जून ते सप्टेंबरमध्ये वाळू आत ओढली जाते आणि दिवाळीनंतर परत येते. म्हणून या वर्षीचा ऑगस्ट गेल्या वर्षीच्या ऑगस्टशीच ताडून बघायचा, फेब्रुवारीशी नाही. परत न आलेली वाळू दिसली तरी लगेच समुद्रपातळीवर ढकलू नका. बाजूचा नवा बंधारा किंवा खाडीतला वाळूउपसा आधी तपासा.

वही

शिसपेन्सिलीनं लिहा. श्रावणात शाई फुटते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीच्या पानाचा आणि यंत्राचा चारही दिशांनी फोटो काढा. वाढणारं झाड रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, फोटोत येतं. यंत्र हलवायची वेळ आलीच तर जुनं आणि नवं दोन्ही एक पूर्ण पावसाळा शेजारी चालवा. कोरड्या दिवशी '०' लिहा. मोजायचा राहिलेल्या दिवशी '–' लिहा, आणि कारणही: गणपतीला घरी पाहुणे, लग्नाला कोल्हापूर, ताप. दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं असेल तर दोन्ही तारखांना कंस करून एकच आकडा लिहा, निम्मा-निम्मा वाटू नका. त्या कंसातला आकडा वर्षाच्या बेरजेत घेता येतो, एका दिवसाच्या विक्रमात नाही.